नवऱ्याने बोललेला माझा नवस

नवऱ्याची नोकरी गेली त्या आठवड्यात मी पहिलं काय केलं, तर सुपरमार्केटमध्ये जाणं बंद केलं. तिथे माणूस साबण आणायला जातो आणि ट्रॉली भरून बाहेर पडतो. मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायला लागले. तिथे प्रत्येक गोष्ट तोंडाने मागावी लागते, त्यामुळे आपोआप कमी मागितली जाते.

मला रडूबिडू आलं नाही. दाढेला भूल दिल्यावर स्वतःचा गाल परका वाटतो, तसं घर वाटत होतं. रोज कुठलं कडधान्य भिजत घालायचं एवढाच विचार मी करत असे, आणि तोही चाळीभर बायका करतात तेवढाच.

जोगेश्वरीतल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासूबाई. नोकरीचं आईंना कळू द्यायचं नाही, असं नवऱ्याने ठरवून टाकलं. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा आईंनी जे दिवस काढले, त्यात त्यांची झोप गेली ती कायमचीच. आता ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू होत्या. "तिला पुन्हा तेच दाखवायचं नाही," तो म्हणाला. म्हणून रोज डबा घेऊन निघायचा आणि वाकोल्याला मित्राच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून अर्ज पाठवायचा. डब्यात फोडणीची पोळी असायची, नाहीतर मुळ्याच्या पाल्याची भाजी.

भाजीवाले आवरायला लागले की मी पिशवी घेऊन खाली उतरायचे. दबलेल्या टोमॅटोंचा वाटा स्वस्तात मिळतो, त्याचं सार होतं. दुधीच्या सालींची चटणी, फ्लॉवरच्या दांड्यांची भाजी. कुकरमध्ये खाली डाळ, मधे भात, वर बटाटे, म्हणजे गॅस एकदाच पेटतो. कुळथाचं पीठ आणि कोकम गावाहून आलेलं होतं, त्यामुळे दिवसाआड पिठी. पाणी वाढवलं तरी पिठी तक्रार करत नाही. मोबाइलवर काटकसरीचे व्हिडिओ करणाऱ्या बायका सारख्या हसत असतात. त्यांना कशाचं एवढं हसू येतं, मला खरंच कळत नाही.

अडचण माशांची होती. आम्ही मालवणकडचे. बुधवार, शुक्रवार, रविवार ताटात मासा नसला तर आईंना जेवल्यासारखं वाटत नाही. दात फारसे उरलेले नाहीत, पण बांगड्याचा काटा जिभेने अलगद सोडवतात. मी आधी सांगितलं, बर्फातला माल येतोय. मग सांगितलं, महाग झालाय, थांबू या. एका बुधवारी मी कपडे वाळत घालत असताना त्यांनी सरळ मुलालाच विचारलं. तो गडबडला आणि म्हणाला, "तिने मासे सोडलेत. नवस बोललीय. घरात मासा शिजवायचा नाही."

आमच्याकडे देवाकडे काही मागायचं तर आवडीची वस्तू सोडतात, आणि मागणं पुरं झालं की मगच ती पुन्हा तोंडात घालतात. कशासाठी सोडलं ते विचारायचं नसतं. त्यामुळे थाप बेमालूम खपली. त्याने मला जिन्यात गाठून सांगितलं.

"माझ्या नावावर कशाला? तुझ्या नावावर बोलायचास ना."

"माझं तिला खरं वाटलं नसतं गं."

तेही बरोबर होतं. त्याला मासा सोडवत नाही हे त्याच्या आईइतकं कोणाला माहीत असणार?

दुसऱ्या दिवशी मी पिठी ढवळत होते. आई मागून आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या वर्षांत कधी ठेवला नव्हता.

"बरा केलंस गो. मिया पण सोडलंय. दोघींचा मिळान देव ऐकात."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही, अशी सून मासे सोडते ती दुसऱ्या कशासाठी सोडणार? डॉक्टरांनी आम्हांला केव्हाच स्पष्ट नाही म्हणून सांगितलं होतं. उपचारही थांबवले होते. आईंना तेही सांगितलं नव्हतं, पुन्हा त्याच ब्लडप्रेशरच्या भीतीने. आता खरं सांगायचं तर आधी नोकरीचं सांगावं लागलं असतं. मी ढवळत राहिले. पिठीत हात थांबला की गुठळ्या होतात.

त्यानंतर आई मजेत पिठी-भात जेवायच्या. आपल्या वाटणीचं दूध माझ्या कपात ओतायच्या. "पी गो, अंगात ताकद होयी." मी प्यायचे. नवरा पेपर वाचत असल्यासारखं करायचा.

मग त्याला चेंबूरला नोकरी लागली. आधीपेक्षा पगार कमी, पण नोकरी. तो येताना सुरमई घेऊन आला. मी ती तळली. सकाळची पिठी उरली होती, तीही गरम केली. जेवताना त्याने आईंना सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. शेवटी म्हणाला, "हिचा नवस फळला, आई. आता खा."

आईंनी पिठीचं भांडं जवळ ओढलं.

"नोकरीचा माका म्हायत होता. तुझो बापूस घरी बसलो तेव्हा मिया हीच पिठी रांधलंय. माका कळूचा नाय?"

तो सुटल्यासारखा हसला आणि त्यांच्या ताटात तुकडी वाढली. त्यांनी ती उचलून परत त्याच्याच ताटात ठेवली.

"नोकरी येता नि जाता. तेच्यासाठी कोण मासे सोडता?"

मी माझ्या तुकडीचा घास मोडला होता. आईंनी माझा हात धरला.

"तू पण खाव नको. एवढा केलंस, आता थोड्यासाठी मोडू नको."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो मान खाली घालून काटे काढत होता. सांगायचं तर त्यानेच सांगायला हवं होतं, आणि तो सांगणार नाही हे मला दिसत होतं. मला आईंची भयंकर दया आली. त्याची नाही आली. आईंनी माझी तुकडी त्याच्या ताटात सरकवली, माझ्या भातावर पिठी वाढली, आणि मी जेवायला लागेपर्यंत माझ्याकडे बघत बसल्या.