आपला खटारा

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या त्या बाईला गाडीत सगळे वकीलबाई म्हणत. कारण उघड होतं. ज्या गाडीला सगळे उठताबसता नावं ठेवत, तिची वकिली ती रोज सकाळी फुकटात करायची. दोन डब्यांची ती जुनी गाडी वाटेतल्या प्रत्येक स्टेशनला इमानेइतबारे थांबायची आणि निघताना सगळ्या खिडक्या खडखडवायची. "यापेक्षा चालत गेलेलं बरं," असं कुणी म्हटलं की बाई बाह्या सरसावून तयार. "खिडकी उघडते की नाही? बसायला मिळतं की नाही? नव्या गाडीत काचेआड कोंडून घालतील, मग बोला."

खरं कारण तिच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेलं असे. तिचा थोरला भाऊ. दादाच्या पायांत लहानपणापासून बळ नव्हतं. पण या गाडीचा दरवाजा ऐसपैस, आणि आतली जमीन बरोबर फलाटाच्या पातळीला. दादा स्वतः चाकं फिरवत आत यायचा, शहरात स्वतः उतरायचा आणि छापखान्यात मुद्रितं तपासायला जायचा. कुणाला हात लावू देत नसे. ती नोकरी हेच त्याचं जग होतं.

आता दादाला गोड बोलायचं वावडं. ज्याच्यावर जीव, त्यालाच तो नावं ठेवणार. बहिणीला कटकट म्हणायचा, छापखान्याला भट्टी आणि गाडीला खटारा. ऐकून ऐकून सगळा डबाच खटारा म्हणू लागला. "आला का आपला खटारा?" असं विचारताना त्यांच्या आवाजात जी माया असे, ती कागदावर कशी उतरणार?

एकदा रेल्वेचा एक साहेब प्रवाशांची मतं विचारत डब्यातून फिरला. वकीलबाई नेमकी त्या दिवशी तापाने अंथरुणात. नशीब म्हणतात ते हेच. "गाडी कशी वाटते?" साहेबाने दादाला विचारलं.

"गाडी कसली साहेब, खटारा आहे नुसता," दादा हसत म्हणाला. डबा खो खो हसला, आणि पुढच्या प्रत्येकाने तेच उत्तर दिलं.

झालं. थोड्याच दिवसांत फलाटावर घोषणा झाली. प्रवाशांच्या मताचा मान राखून जुनी गाडी बंद, नवी सुरू. बाई तडक साहेबाच्या खोलीत जाऊन थडकली.

"बाई, एकानेही बरा शब्द काढला नाही," साहेब म्हणाला. "तुमचे भाऊ तर सगळ्यात आधी."

"अहो, ते लाडाने म्हणतात."

"लाडाने खटारा?" साहेबाने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तिला त्याची मान पिरगाळावीशी वाटली. इतकी वर्षं ती घसा कोरडा करत होती, ते कुणी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन तिने दादाला फैलावर घेतलं. "एक दिवस जीभ आवरली असतीस तर?"

"त्याला आपली भाषा कळत नाही, हे मला काय माहीत?" दादा म्हणाला.

नवी गाडी आली. चकचकीत, गार, झपाट्याने जाणारी. दरवाजा अरुंद आणि चढायला तीन उंच पायऱ्या. डब्यातली माणसं भली. चौघांनी पुढे होऊन दादाला खुर्चीसकट उचललं, शहरात तसंच उतरवलं, संध्याकाळी पुन्हा तेच. दादा प्रत्येकाचे आभार मानत राहिला. बाईला ते बघवत नव्हतं, पण नोकरी टिकली म्हणून ती दात आवळून बसली.

आठवडाभराने जेवताना दादा म्हणाला, "छापखान्यात सांगून आलो. उद्यापासून येणार नाही."

तिचा संताप उफाळून आला. "अरे, ते हौसेने उचलतात. त्यात कमीपणा कसला?"

"कमीपणा नाही गं," दादा ताटाकडे बघत म्हणाला. "माणसाला चौघांनी उचलायचं असतं ते एकदाच. मला रोज उचलतात."