बाजेएवढी रुंदी

"भाऊ, हे गेले..." कुसुमवहिनी फोनवर एवढंच बोलल्या. सुखदेव जाऊन आता महिना उलटला. छातीत कळ आली म्हणून वैनगंगेपलीकडच्या गावातून त्याला अलीकडे आणत होते, तेही त्यानेच बांधलेल्या मोटरबोटीतून. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून एकच प्रश्न मला छळतोय. ती बोट जरा अरुंद असती, जरा वेगाने पळाली असती, तर?

आम्ही दोघं आयटीआयमध्ये शिकवायचो. तो ड्रॉइंग, मी फिटरकाम. मधल्या सुट्टीत हा पठ्ठ्या फळ्यावर समुद्रातल्या यॉट काढायचा. चंद्रपूरच्या उन्हात यॉट! आम्ही खो खो हसायचो. तो मात्र मनापासून समजावायचा, की तळ लांब आणि निमुळता असला की बोट पाणी कापत पळते. रुंदी वाढवली की पाणी अडवतं, वेग जातो, पण बोट डुलत नाही, आणि वजन पसरल्यामुळे उथळ पाण्यातूनही निघते. निवृत्तीनंतर गावासाठी बोट बांधायला घेतली, तेव्हा पहिला आराखडा असाच होता, सडपातळ, देखणा. मग एके दिवशी त्याने घरातली बाज अंगणात काढली, टेप लावून मापली आणि आराखडा पुसून टाकला.

कारण मला ठाऊक होतं. एका पावसाळ्यात त्याच्या आजारी आईला डोंग्यातून नदीपार नेत होते. त्या अरुंद डोंग्यात आडवं व्हायला जागाच नव्हती. तापाने फणफणलेली म्हातारी "मले निजू दे ना रे बाबू" म्हणत राहिली आणि बसल्या बसल्याच, लेकाच्या छातीवर मान टाकून गेली. हे तो माझ्याजवळ एकदाच बोलला, पुन्हा कधी नाही.

नव्या बोटीत बाज मावायची, शेजारी माणूसही बसायचा. चालायची मात्र रमतगमत. "यॉट म्हणे! ही तं म्हैस झाली लेका," मी चिडवलं.

"होऊ दे," तो म्हणाला. "म्हैस बुडत नाई."

परवा वहिनींना भेटायला गेलो आणि मनातला प्रश्न अखेर विचारलाच.

"लवकर पोचलो असतो का, मले नाई माहीत, भाऊ. पण ते निजून आले. मधात डोळे उघडले, इंजिनचा आवाज ऐकला अन् हासले. माह्या हातात त्याईचा हात होता."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

परतलो तो बाजाराचा दिवस. बोट गच्च भरलेली. एका बाईने मिरच्यांचं पोतं मधल्या मोकळ्या फळ्यांवर टेकवलं, तसा बोटवाला म्हणाला, "बाई, तिथी नको. बाजेची जागा आहे ते." तिने मुकाट्याने पोतं मांडीवर घेतलं. मीही अंग चोरून कडेला सरकलो. पलीकडचा काठ यायला बराच वेळ लागला. मला घाई नव्हती.