रताळं अख्खं नाही

चेन्नईतल्या वेलचेरीच्या फ्लॅटांच्या गर्दीत राजसबाई मोहित्यांचं बैठं घर आणि अंगणातली गंगू गाय टिकून होती, ती निव्वळ बाईंच्या हट्टापायी. बाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, सत्तरी गाठलेल्या, तोंडाने फटकळ. गंगूला रताळी जीव की प्राण. बाई रोज विळीवर ती लांब, पातळ चिरून घालत. गोल चकती नाही, अख्खं तर नाहीच नाही.

कारण बारा वर्षांपूर्वी कुणा भाविकाने पुण्य म्हणून आधीच्या गाईला अख्खं रताळं भरवलं होतं. ते घशात अडकलं. डॉक्टर ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत गाय फुगून तडफडून गेली. बाई ओक्साबोक्शी रडल्या आणि त्या दिवसापासून कुणाचीही भीड ठेवायची सोडली.

शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी उपेंद्र, पुण्याहून आलेला. शेणाचा वास येतो, गाय हलवा, असा महापालिकेला द्यायचा अर्ज त्याने लिहून ठेवला होता. माट्टू पोंगलला, गुरांच्या सणाला, तोच वीस माणसं, हार आणि टोपलीभर रताळी घेऊन दारात हजर!

"आजी, प्रत्येकजण एकेक रताळं भरवेल. फोटो काढू. मग तो अर्ज मी देतच नाही."

"अख्खं भरवणार?"

"नैवेद्य आहे, कापायचा कशाला?"

बाई फाटकात आडव्या उभ्या राहिल्या. "अय्यो सार, तुमचं पुण्य, आणि जीव माझ्या गाईचा? चिरून द्या, नाही तर घेऊन जा."

"मग अर्ज उद्याच जाईल."

गंगू गेली तर त्या घरात बोलायला कोण उरणार होतं? पण फाटकावरचा हात हलला नाही.

"जाऊ द्या. हलवली तर जिवंत हलेल."

मग उपेंद्रची बायको कल्पना पुढे झाली. पदर खोचून अंगणात विळीवर बसली आणि पहिलं रताळं चिरलं. गोल.

"लांब चीर गं," बाई डाफरल्या. कल्पनाने मुकाट्याने लांब चिरलं. गंगूने ते तिच्या हातून चटकन ओढून घेतलं.

उपेंद्र बाहेरच उभा होता. "अर्ज मी देणार आहे, आजी."

"द्या की. पण आधी हात धुऊन या, सार. अजून अख्खी टोपली चिरायची आहे."