आबांना दिसेल असं चित्र

मी शहाद्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माझा स्वतःचा हात बसलाय तो सॉफ्ट पेस्टलवर. हे खडू मुलांच्या मेणाच्या खडूंसारखे कागदाला चिकटत नाहीत, रंग भुकटीसारखा वर नुसता टेकलेला असतो. मी तो बोटाने इतका घासायची, एक रंग दुसऱ्यात असा मुरवायची, की एकही रेघ मागे राहायची नाही. "हे खडूनं केलंय? आम्हाला वाटलं ब्रशनं रंगवलंय," असं कुणी म्हटलं की मला समाधान वाटायचं.

आईच्या वर्षश्राद्धासाठी तिचं चित्र मी असंच केलं. आदल्या दिवशी ते घेऊन माहेरी, रनाळ्याला गेले. दुपारनंतर भाऊ ते नंदुरबारला नेऊन काच बसवून आणणार होता. तोवर मी ते ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलं.

आबा, माझे वडील, शेतातून आले. पाय धुऊन चित्रासमोर बसले. मान जरा वाकडी करून बघायची त्यांची सवय होती. मला वाटायचं, मान धरत असेल.

"भलतं चांगलं व्हयेल शे," ते म्हणाले.

मग त्यांनी हात पुढे केला आणि आईच्या गालावरून फिरवला. मी "आबा, हात नका लावू" म्हणेपर्यंत त्यांचा तळवा गालावरून नाकावर, नाकावरून कपाळावर गेला होता. कुंकू पार केसांपर्यंत ओढलं गेलं. डोळ्याच्या जागी करडा डाग उरला.

पण खरा हादरा पुढे होता. आबा त्या फिस्कटलेल्या चेहऱ्याकडे तसेच शांतपणे बघत होते. बोटं एकमेकांवर चोळत त्यांनी विचारलं, "तिले पावडर लायेल शे का?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. तोंडाकडे पाहिलं तर थट्टा नव्हती. आईचा चेहरा पुसला गेलाय हे त्यांना दिसतच नव्हतं.

मी त्यांच्याजवळ बसले. "आबा, तुमले दिखत नई का?"

त्यांनी बोटं गुडघ्याला पुसली. मग डोळ्यांसमोरचा धूर बाजूला सारावा तसा हात हलवून म्हणाले, "मधमा धुपट दिखस. बाजूबाजूनं दिखस. शेतमा चाली जास."

हे कधीपासून, म्हणून मी विचारलं, "कव्हयपाईन?"

"तुन्ही माय व्हती तव्हयपाईन."

"आईले माहीत व्हतं?"

"तीच पेपर वाची दे. कोणले सांगू नको, आसं मीच सांगेल व्हतं तिले."

"मंग मन्हा चित्रं?"

"काय काढेल शे ते ती सांगे. मंग मी सांगू, चांगलं शे."

इतकी वर्षं मी चित्रं आणत होते, आबा कौतुक करत होते. शेजारी बसलेली आई हलक्या आवाजात काहीतरी बोलायची, ते मी कधी ऐकायचा प्रयत्नही केला नव्हता. वहिनी आतून चहा घेऊन आली आणि चित्र बघून दारातच थबकली.

चित्र दुरुस्त होण्यासारखं राहिलं नव्हतं. मी नवा कागद घेतला. भाऊ निघायच्या आत रंग मुरवत बसायला वेळ नव्हता. काळा खडू घेतला आणि नुसतं रेखाटलं: कपाळ, नाक, पदराची कड, जबड्याची जाड रेघ. घासलं काहीच नाही. कुंकू तेवढं लाल, गोल, दाबून भरलं.

ते आबांसमोर धरलं. त्यांनी मान वाकडी केली. कागद डावीकडे नेला, उजवीकडे नेला. मग कागदाला न टेकवता बोट रेघेवरून फिरवू लागले.

"हाई नाक," ते म्हणाले. "हाई कुकू." मग बोट बाजूला सरकलं. "कान इतला मोठा नव्हता तिना."

आबांनी माझ्या चित्रात काढलेली ती पहिली चूक. कान खरंच मोठा झाला होता. मी तिथेच आत दुसरी रेघ ओढली. पहिली पुसून पूर्ण गेली नाही, चित्र तसंच दोन्ही रेघांसकट काच बसवून आलं.

श्राद्धानंतर आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आबांनी मान हलवली, जणू ठाऊकच होतं.

आता मी खडूनं नुसती रेखाटनं करते आणि आबांना दाखवायला नेते. त्यांना चुका सापडतात. मागे तोरणमाळचा तलाव नेला. काठ, डोंगर, झाडं सगळं त्यांनी ओळखलं. मग विचारलं, "पानी कोठे शे?"

पाणी मी कोरं सोडलं होतं. ते रेघांनी कसं दाखवायचं, हे मला अजून जमलेलं नाही.