शालिनीआतेची डावी सीट

शालिनीआते आपल्या गाडीत कुणालाही बसवून घ्यायची, पण त्याआधी एक प्रश्न विचारायची. "वाचता येता मां?" होय म्हटलं की डावं दार उघडायचं, आणि माणूस बूड टेकतो न टेकतो तोच त्याच्या मांडीवर लॅपटॉप यायचा. मग वाटेत समुद्र दिसो नाहीतर कुणाची वरात, मान वर करायची नाही. पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचत राहायचं. एकदा ती भटजींना सत्यनारायणाला घेऊन आली, तर ते संकल्पातसुद्धा दशांश चिन्ह घालत होते, असं माझी आई सांगते. आई थोडं वाढवून सांगते. तो गुण माझ्यातही उतरलाय.

आते म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, धाकटी बहीण. आमचं घर मालवणच्या बंदरावरचं, ट्रॉलरवाल्यांचं. त्या घरातून शिकून हायस्कुलात विज्ञानाची बाई झाली ती एकटी आते. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "वेळ गावलो नाय." वेळ कुठे जायचा ते मात्र सगळ्या वाडीला ऐकू यायचं. परदेशी निघालेल्या एका गोवेकराकडून तिनं एक छोटी लाल गाडी घेतली होती. त्या गाडीच्या इंजिनाला कुणा हौशी माणसानं सुपरचार्जर बसवला होता. म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा आणि इंजिनाच्या पोटात जबरदस्तीनं हवा कोंबणारा एक पंप. तो चालू झाला की दळणाच्या चक्कीसारखा आवाज यायचा आणि गाडी झेप घ्यायची. मास्तरणीला हे शोभतं का, असं गावातल्या बऱ्याच जणांनी तिला सुचवून पाहिलं. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "गाडी माझी, पाय माझो, रस्तो सरकारचो. तुमचा काय जाता?"

आबांचं मात्र जात होतं. ही गाडी एकदा तळेऱ्याच्या नाक्यावर बंद पडली, तेव्हा आबा टेम्पो घेऊन गेले आणि ट्रॉलरवरचा जाडजूड दोर लावून त्यांनी ती भर बाजारातून ओढत आणली. समुद्रात दुसऱ्याची बंद पडलेली होडी ओढून आणणं आमच्यात रोजचंच. त्यात लाज कसली? पण आतेला लाज वाटली. दारात दोर सोडता सोडता आबा म्हणाले, "गो शाली, परत जर ही गाडी माझ्या दोरान दारात इली, तर मी ती विकतलंय. मग तुझा आयकूचंय नाय."

"विक," आते म्हणाली. "पण दोरान इली तर. न्हायतर जन्मभर गप ऱ्हवाचा."

आबा हो म्हणाले, आणि सगळ्या घरानं ते ऐकलं.

त्यानंतर खाऱ्या हवेनं गाडीचा सायलेन्सर खाल्ला. आतेनं कोल्हापूरहून इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत नवे, रुंद पाइप मागवले. पाइप बदलले की काम संपलं असं मला वाटलं होतं. मी मालवणात कॉम्प्युटरचे क्लास चालवायचो, त्यामुळे मला बरंच काही वाटायचं. आतेनं मला समोर बसवून समजावलं. धूर मोकळा जायला लागला की इंजिन आत जास्त हवा घेणार. पण पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या इंजिनातल्या कॉम्प्युटरला हे कुणी सांगितलेलंच नसतं. तो आपला जुन्या मापानं सोडत बसणार. "पंगत वाढली, पण चुलीकडे कोणी सांगूक नाय," ती म्हणाली. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की आत आग भडकते आणि इंजिन जळतं. म्हणून त्या कॉम्प्युटरला सगळे आकडे नव्यानं शिकवायचे. गाडीला लॅपटॉप जोडून शिकवणार ती, वाचणार मी.

पाइप आले तेव्हा आते शाळेत होती. ते इतके चकचकीत होते की मला त्यांची दया आली. आमच्या घरात पाण्याजवळ ठेवायची कुठलीही वस्तू तेलाशिवाय राहत नाही. पावसाळ्याआधी होडीच्या फळीफळीला माशाचं तेल पाजतात, तेव्हा कुठे ती टिकते. मी डबा काढला आणि पाइपांना बाहेरून चोळलं. मग मनात आलं, गंज काय बाहेरूनच लागतो? काठीला चिंधी बांधून आतूनही चोपडलं. उरलं ते सरळ ओतलं. आतेला सांगितलं नाही, कारण होडीला तेल लावलं हे सांगायची आमच्यात पद्धत नाही.

पाइप बसवून संध्याकाळी आम्ही बाहेर पडलो. बाजारातून जाताना आमच्यामागे मांजरं निघाली. आतेनं नाक मुरडलं तेव्हा मी म्हणालो, "बंदराचो वास." नव्या पाइपाच्या गळ्यात एक सेन्सर बसवलेला असतो, तो धुराचा वास घेऊन पेट्रोल जास्त झालं की कमी, ते सांगतो. माझ्या पडद्यावर येत होतं, जास्त. आतेनं पेट्रोल थोडं कमी करवलं. तरी जास्तच. आणखी कमी केलं. शेवटी आकडा जागेवर आला तेव्हा मी तो वर्गात पहिला आल्यासारखा वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी करूळचा घाट. चढाला आतेनं पाय दाबला, चक्की घुमली, आणि लगेच इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. तिनं त्याच क्षणी पाय उचलला, गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवली. बॉनेट तव्यासारखं तापलं होतं. मी घाबरून रेंज शोधत वळणापर्यंत गेलो आणि आबांना फोन केला. दोर घेऊन या म्हणालो. या क्षेत्रातलं माझं हे दुसरं योगदान.

परत आलो तर एक कोल्हापूरचा ट्रकवाला थांबला होता. "बाई, दोर हाय माझ्याकडं. खाली नेऊन सोडतो."

परक्या माणसाशी आते शाळेतलं मराठी बोलायची. "दोर आत ठेवा," ती म्हणाली. "गाडी बिघडलेली नाही. गाडीला चुकीचं सांगितलं गेलंय."

ट्रक गेल्यावर तिनं पाइपाच्या टोकात रुमाल फिरवला आणि हुंगला. मग माझ्याकडे पाहिलं.

"काय लावलंस रे?"

"माशाचा तेल."

"भायरसून?"

"आतसून पण."

ती रागावेल म्हणून मी एक पाऊल मागे सरकलो. तिनं तो तेलकट रुमाल माझ्याच हातात दिला. मग म्हणाली, "होडी पाण्यात ऱ्हवता, बाबू. ही आगीत ऱ्हवता." तेल पाइपात जळत होतं, सेन्सरनं त्याचा वास घेतला आणि पेट्रोलच जास्त झालंय असं तो समजला. आम्ही मुकाट्यानं कमी करत गेलो. "आकडो खोटो बोलूक नाय. आमी त्येका खोटा खावक घातला."

मी भीत भीत सांगितलं की आबा दोर घेऊन निघालेत. ती म्हणाली, "येवंदे." आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला.

इंजिन निवल्यावर तिनं आदल्या दिवशी कमी केलेलं सगळं पेट्रोल परत घालायला लावलं, वर अंदाजानं आणखी थोडं. मग पाय हलका ठेवून आम्ही घाट चढलो. मागे निळ्या धुराची शेपटी. वर पोचेपर्यंत धूर विरळ झाला आणि वास गेला. आकडेही शुद्धीवर आले. आम्ही खाली उतरलो, पुन्हा चढलो. मी वाचायचो, ती थांबवायची, बदल करवायची, परत पाय दाबायची. खड्यांचा आवाज पुन्हा आला नाही. शेवटच्या चढाला चक्की अशी घुमली की माकडं कठड्यावरून उठली.

तळेऱ्याच्या नाक्यावर आबांचा टेम्पो उभा होता, स्टिअरिंगवर ट्रॉलरवरचा एक खलाशी. आबा स्वतः दोर खांद्यावर घेऊन रस्त्यात, भोवती चार ओळखीची माणसं. आतेनं गाडी बरोबर त्यांच्यापुढे आणून थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. मला म्हणाली, "उतर." मग डाव्या दारातून वाकून आबांकडे बघत म्हणाली, "दादा, वाचता येता मां?"

आबांना ट्रॉलरवरचा जीपीएस वाचायची सवय होती, नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी दोर माझ्या खांद्यावर टाकला आणि गाडीत बसले.

आते आता नाही. पण ती कशी होती असं कुणी विचारलं, की मला मालवणच्या बाजारातून जाणारी ती लाल गाडी आठवते. दुतर्फा लोक बघत होते आणि डाव्या सीटवर आबा खाली मान घालून मोठमोठ्यानं आकडे वाचत होते. दोर मागून टेम्पोत येत होता, आणि त्याच्या वेटोळ्यावर मी.