बोटीची पाठ

दौलतगंजात राहणाऱ्या कान्होजी जगदाळ्यांना पोहता येत नव्हतं. नाव आरमाराला शोभणारं, पण घराणं पहिल्यापासून घोडदळातलं. पणजोबा दख्खनेतून ग्वाल्हेरला आले, तेही खोगिरावर बसूनच. कान्होजी दरबारच्या पागेत जीनं बनवत. घोड्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला की त्याला कुठलं जीन बसेल ते सांगत, आणि आपल्या जीनाने आजवर एकाही घोड्याची पाठ सोलली नाही, हे कुणी न विचारताही सांगत.

मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य झालं आणि पागा मोडली. घोडे गेले, माणसं निरनिराळ्या खात्यांत वाटली गेली. पाटबंधारे खात्याच्या वाट्याला दरबारची एक लहान लाकडी बोट आली होती. तिघऱ्याच्या धरणात गाळ किती साचलाय ते मोजायला ती जीपमागच्या ट्रेलरवर घालून न्यावी लागे. रस्ता असा की बसलेल्या माणसाची हाडं खिळखिळी व्हावीत. बोटीचा तळ ट्रेलरच्या लोखंडावर घासून झिजत चालला होता. तो जपायला माणूस हवा होता, आणि कुणा हुशाराने कान्होजी हे नाव पाहून यांना तिथे धाडलं.

ओव्हरसियर मुकुंदराव सज्जन, पण स्पष्ट बोलणारे. "कान्होजी, माणसं कमी करायची आहेत. बोट धड राहिली तर तुम्ही राहाल. नाही तर माझ्या हातात काही नाही."

"बिलकुल फिकर नका करू साहेब," कान्होजी म्हणाले. "घोड्यावर जीन घालत होतो, आता ट्रेलरवर घालतो."

बोलायला ते असे बोलले खरे, पण घरी बसायची त्यांना मनापासून भीती वाटत होती. हाताला काम नसलेला माणूस ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला उपदेश करू लागतो, आणि तसे दोन-चार जण गल्लीत आधीच झाले होते.

त्यांनी ट्रेलरला खरोखरच जीन घातलं. जीनाचा पहिला नियम असा, की भार कण्यावर पडता कामा नये. तो दोन्ही बाजूंच्या मांसावर पडावा आणि मध्ये वारा खेळावा. त्याप्रमाणे त्यांनी डाव्या-उजव्या बाजूला दोन लांब गाद्या केल्या, त्यांवर पागेतला उत्तम जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, चढवला आणि मधली जागा मोकळी ठेवली. घोड्याच्या पोटाखालून तंग आवळतात तसे पट्टे आवळले. घोडा पोट फुगवून फसवतो, म्हणून थोडं चालवून तंग पुन्हा आवळायचा असतो. कान्होजींनी टोपी बाजाराच्या तोंडाशी जीप थांबवली आणि बोटीचा तंगही पुन्हा आवळला. जीपच्या ड्रायव्हरने हसू कसंबसं आवरलं.

पाचसहा फेऱ्या झाल्या, आणि एके दिवशी धरणाच्या मध्यावर मुकुंदरावांच्या बुटांत पाणी शिरलं. ते कसेबसे काठाला आले. तळाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या वाकून त्यांच्यात फटी पडल्या होत्या. ओला नमदा वाळू धरून बसला होता, आणि त्या वाळूने फळ्यांवरचा रंग पार खरवडून काढला होता.

"सुतार फटी भरेल," मुकुंदराव बूट उपडा करत म्हणाले. "पण कान्होजी, आता एकच संधी."

कान्होजी दोन दिवस खात्याच्या आवारात बोटीपुढे बसून राहिले. जेवायलाही घरी येईनात, तेव्हा त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई डबा घेऊन तिथे गेल्या. त्यांनी बोटीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं.

"अहो, ही मधली जाड लाकडी पट्टी कसली?"

"तो तिचा कणा. म्हणून तर तिथे काही लागू दिलं नाही."

"पण घोड्याची पाठ वर असते. हिची तर खाली आहे. पोटावर उचलून धरलंय तुम्ही बिचारीला!"

कान्होजींनी तोंडातला घास तसाच ठेवला. मग इतक्या मोठ्याने हसले की चौकीदार धावत आला. इतकी वर्षं जीनं शिवली, आणि पाठ कुठे आहे तेच पाहिलं नाही! त्यांना स्वतःचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त आनंद झाला, कारण पाठ कळली की पुढचं सगळं त्यांना येत होतं.

त्यांनी नमदा फाडून काढला. ट्रेलरच्या मधोमध, बोटीच्या कण्याखाली, फिरणारे लाकडी रूळ बसवले. सगळा भार त्यांच्यावर. बाजूच्या आधारांना जुन्या टायरच्या गुळगुळीत पट्ट्या ठोकल्या, त्या बोट डुलू नये एवढ्यापुरत्याच. ट्रेलरवर चढवण्याआधी तळाची वाळू धुऊन काढायची, पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच ढील ठेवायची. टोपी बाजारापाशी थांबायची सवय मात्र सोडली नाही. तिथे ते पट्टे हाताने चाचपून पाहत.

महिनाभर फेऱ्या झाल्या. शेवटी मुकुंदराव धरणावर म्हणाले, "आज तुम्हीही चला."

कान्होजींनी एकदा पाण्याकडे पाहिलं. पण जीन शिवणारा त्यावर आधी स्वतः बसून दाखवतो, ही पागेची रीत. त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि पायऱ्यांवरून अनवाणी बोटीत उतरले. पाणी शिरलंच, तर आधी तळव्यांना कळावं. मध्यावर पोचेपर्यंत त्यांनी डोळे पायांवरून हलवले नाहीत.

"काय म्हणतेय घोडी?" मुकुंदरावांनी विचारलं.

"पाठ शाबूत आहे, साहेब."

"मग राहा तुम्ही हिच्याबरोबर."

त्या संध्याकाळी आवारापासून दौलतगंजापर्यंत कान्होजी रस्त्याने बूट हातात घेऊन चालत आले. लोक बघत होते, बघोत. दारात कुमुदिनीबाई रोजच्यासारख्या पाय धुवायला तांब्या घेऊन आल्या.

"थांब, आधी बघ," म्हणत त्यांनी पाय पुढे केले. घोट्यापर्यंत कोरडी धूळ होती. "धरणाच्या मध्यावर बोटीतून जाऊन आलो, पाण्याचा थेंब लागला नाही."

कुमुदिनीबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"आता घाल पाणी," कान्होजी म्हणाले.