कुलूप यादीला, की यादीतल्या आकड्यांना?

तोंडावर ताई आणि पाठीमागे काटेकोरबाई, अशी तिची ऑफिसातली दोन नावं. रोपवाटिकांतल्या खोल्यांचं तापमान सांभाळणारी यंत्रं तिची कंपनी बनवायची, आणि त्या यंत्रांना हुकूम द्यायला कंपनीने स्वतःची छोटी प्रोग्रामिंगची भाषा काढली होती. भाषा कंपनीच्या साहेबांच्या डोक्यातून निघालेली. तिचे नियम तपासायचं काम अकरा वर्षं काटेकोरबाईकडे. म्हणजे रोज उठून कुणाच्या तरी हौसेला नाही म्हणायचं. जेवायला तिच्या टेबलाशी सहसा कुणी बसत नसे.

साहेबांशी तिचं भांडण एका साध्या गोष्टीवरून होतं. या भाषेत कशालाही ‘कायम’ हा गुण लावला की ती गोष्ट बदलता येत नसे. एका आकड्याला लावला तर प्रश्नच नाही. पण दहा खोल्यांच्या तापमानांच्या यादीला लावला तर? साहेबांच्या नियमाप्रमाणे तो यादीपुरताच लागे. यादीत अकरावा आकडा घालता येत नसे, असलेला काढता येत नसे, पण आतला कुठलाही आकडा खुशाल बदलता येई. दाराला कुलूप आणि खिडक्या सताड उघड्या. लिहिणारा बिचारा समजे, सगळंच कायम झालं.

दोन वर्षांपूर्वी याच खिडकीतून एका रोपवाटिकेतल्या चौथ्या खोलीचे चोवीस अंश बेचाळीस झाले. मालक करपलेल्या रोपांचा ट्रे घेऊन ऑफिसात आला, तो तिच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला. बोलणी खाल्ली ती प्रोग्राम लिहिणाऱ्याने. चोर सोडून संन्याशाला फाशी! तेव्हापासून ती लिहून देत होती की यादीसाठी एक खूण ठेवा आणि आतल्या प्रत्येक आकड्यासाठी वेगळी. पाच वेळा लिहून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आता गुरुवारी भाषा पक्की होणार होती. हजारो यंत्रं तिच्यावर चालणार, म्हणून त्यानंतर एकाही नियमाला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. गुरुवार हुकला की निवृत्त होईपर्यंत हीच चूक निस्तरत बसायचं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. घरी नवरा म्हणाला, “तुझं बरोबरच असतं गं, पण बरोबर असलीस की तू फार अवघड होतेस.” ती त्याच्याशी दोन दिवस धड बोलली नाही.

गुरुवारच्या बैठकीत भाषेच्या माहितीपुस्तिकेचं मुखपृष्ठ निळं की हिरवं यावर चाळीस मिनिटं गेली. मग तिला पाच मिनिटं मिळाली. तिने पुस्तिकेतला नवव्या पानावरचा नमुना प्रोग्राम पडद्यावर चालवून दाखवला. यादीला ‘कायम’ लावलेला होता, तरी तिसऱ्या खोलीचा आकडा सगळ्यांदेखत बदलला.

“साहेब, हा नमुना तुम्ही लिहिलाय,” ती म्हणाली. “तुम्हालाही वाटलं होतं की आकडे बदलणार नाहीत.”

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं आणि ते मोकळेपणाने हसले. खरंच की, मीही फसलो, असं म्हणाले. जिंकलो, असं तिला वाटलं. तेवढ्यात त्यांनी घड्याळ पाहिलं.

“आता नियम बदलायचा म्हणजे महिना गेला. त्यापेक्षा पुस्तिकेत सूचना टाकू. ती तुम्हीच लिहा ताई, तुमच्याइतकं नेमकं कुणाला जमणार?”

तिला भयंकर संताप आला. तरी तिने लिहिलं. उदाहरणांसकट दीड पान झालं, आणि एक शब्दही जास्तीचा नव्हता. पुस्तिका छापून आली तेव्हा त्यातलं एक वाक्य उरलं होतं: यादीला ‘कायम’ हा गुण लावताना काळजी घ्यावी. कशाची, ते जागेअभावी गेलं होतं. त्याखाली साहेबांनी स्वतःची एक ओळ जोडली होती: शंका असल्यास तपासणी विभागाला विचारावे.

तपासणी विभागात ती एकटीच होती.